पायी गोल्फ खेळणाऱ्यांसाठी हलकी स्टँड बॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फचे अठरा होल पायी खेळायचे म्हणजे साधारण ८ ते १० किलोमीटर चाल आणि चार-साडेचार तास. त्यातही बॅग पाठीवर एकसारखी नसते. ९५च्या आसपास स्कोअर करणाऱ्या खेळाडूचे ३५ ‘पट’ (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू ढकलायचे फटके) सोडले तरी ६० फटके उरतात. म्हणजे बॅग ६० वेळा खाली ठेवायची आणि तितक्याच वेळा उचलायची. बॅग निवडताना नुसतं वजन बघून भागत नाही, कारण ही उचल-ठेव सोपी होते की कटकटीची, हे पट्टे, पाय आणि तोल यांवर ठरतं. पुढची उत्तरं याच अंगाने लिहिली आहेत.

स्टँड बॅग आणि कार्ट बॅग यांत फरक काय?

स्टँड बॅगेला दोन घडीचे पाय असतात. बॅग जमिनीवर टेकवून किंचित पुढे झुकवली की तळाची पट्टी दाबली जाते, तिला जोडलेली बारीक दांडी वर सरकते आणि पाय फाकतात. उचलली की स्प्रिंगमुळे ते परत अंगाला चिकटतात. १९८०च्या दशकात सन माउंटन या अमेरिकी कंपनीने असे पाय बॅगेतच बसवले. त्याआधी बॅग गवतावर आडवी टाकायची आणि दर फटक्याला वाकून उचलायची, असाच प्रकार होता.

कार्ट बॅग गाडीवर किंवा ट्रॉलीवर बांधण्यासाठी असते. तिला पाय नसतात, खिसे भरपूर असतात, तळ रुंद असतो आणि पट्टा बहुधा एकच, तोही नावापुरता. ती पाठीवर घेऊन अठरा होल चालण्याच्या फंदात पडू नका.

‘हलकी’ म्हणजे नेमकी किती किलोची?

रिकाम्या बॅगेचं वजन धरलं तर ढोबळ हिशेब असा. अगदी सडपातळ, कमी खिशांच्या बॅगा १ ते १.४ किलोच्या. हलक्या स्टँड बॅगा १.४ ते २ किलोच्या. सगळ्या सोयी असलेल्या स्टँड बॅगा २.२ ते २.७ किलोपर्यंत जातात. व्यावसायिक खेळाडूंचे कॅडी खांद्यावर वाहतात त्या मोठ्या बॅगा साडेचार किलोच्या किंवा त्याहून जड असतात, पण त्यांचा आपल्या निवडीशी संबंध नाही.

नेहमी पायी खेळणाऱ्याने दीड ते दोन किलोच्या टप्प्यात शोधावं, असं माझं मत आहे. त्याखाली गेलात की पट्ट्यांचं पॅडिंग, पायांची मजबुती किंवा कापडाची जाडी यांपैकी काहीतरी कमी केलेलं असतंच. कोणत्या गोष्टीला कात्री लागली आहे ते कळलं आणि ते तुम्हाला चालणार असलं, तर अवश्य घ्या.

दोन बॅगांमध्ये ३०० ग्रॅमचा फरक असेल तर हलकीच घ्यावी का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून हिशेब मांडूनच बघू.

क्लब म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या. त्यांतला सगळ्यात लांब, ड्रायव्हर, साधारण ३१० ग्रॅमचा. फेअरवे वूड आणि हायब्रिड धरून हे तीन क्लब सुमारे १ किलोचे. स्टीलच्या शाफ्टची (दांड्याची) आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब, प्रत्येकी ४२० ग्रॅमच्या आसपास, अशा सात म्हणजे जवळपास ३ किलो. चेंडू उंच उडवणारे तीन वेज मिळून १.४ किलो, पट मारायचा पटर अर्धा किलोच्या थोडा वर. चौदा क्लबांचेच झाले सुमारे ५.९ किलो. त्यात एक लिटर पाणी, म्हणजे बाटलीसह १ किलोपेक्षा जास्तच. छत्री अर्धा किलो. रेन जॅकेट, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र), टॉवेल, ग्लव्ह, टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) मिळून आणखी ८०० ते ९०० ग्रॅम. नियमाप्रमाणे चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असू शकत नाही आणि बहुतेक चेंडू या मर्यादेच्या जवळच असतात. डझनभर चेंडू म्हणजे सुमारे ५५० ग्रॅम. वर बॅग २ किलोची. एकूण बेरीज ११ किलोच्या घरात जाते.

या ११ किलोंमध्ये ३०० ग्रॅम म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. बाराऐवजी पाच चेंडू घेतले तर ३२० ग्रॅम वाचतात. हलक्या मॉडेलसाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजणार होतात, तेवढं वजन चेंडूंचा खिसा आवरूनच कमी झालं.

तरीही बॅगेचं वजन क्षुल्लक मानू नका. पाणी पिऊन संपतं, छत्री घरी ठेवता येते, पण बॅगेचं वजन दर फेरीत तेवढंच राहतं. तीन किलोची सोडून दीड किलोची घेतली तर फरक पाठीला नक्की जाणवेल. १.७ किलो आणि २ किलो यांत निवड करायची असेल, तर मात्र काटा बाजूला ठेवून ज्या बॅगेचे पट्टे तुमच्या खांद्यांना बसतात ती घ्या.

पट्टे कसे पारखायचे?

रिकामी बॅग खांद्याला लावून आरशात बघण्याने काहीच कळत नाही. स्वतःचे क्लब दुकानात घेऊन जा, बॅगेत भरा, पाण्याची भरलेली बाटली आणि चेंडू ठेवा आणि दहा मिनिटं चाला. बहुतेक दुकानदार याला हरकत घेत नाहीत. कोणी घेतलीच तर दुसरं दुकान बघा.

चालताना या गोष्टींकडे लक्ष द्या. बॅग कमरेच्या वरच्या भागावर आडवी टेकली पाहिजे, म्हणजे थोडा भार खांद्यांवरून उतरून कमरेवर जातो. ती लोंबकळत मांड्यांच्या मागे आपटत असेल तर पट्टे लांब आहेत. पाठीच्या मधोमध चढत असेल तर आखूड. बॅगेच्या तोंडाची बाजू तळापेक्षा किंचित वर राहिली पाहिजे. ती खाली झुकली की क्लब पुढे सरकतात, एकमेकांवर खणखणतात आणि चेंडू उचलायला वाकलात तर बाहेर घसरतात. तोल बिघडलेली १.५ किलोची बॅग तोल साधलेल्या २ किलोच्या बॅगेपेक्षा जास्त दमवते.

पॅडिंग बोटांनी दाबून बघा. नुसता मऊ फोम दहाव्या होलपर्यंत चपटा होतो आणि पट्ट्याची कड गळ्याजवळच्या हाडावर रुतायला लागते. दाबल्यावर थोडा प्रतिकार करणारं, दाट पॅडिंग चांगलं. अरुंद खांद्यांच्या लोकांनी, त्यात बऱ्याच स्त्रियाही आल्या, दोन पट्ट्यांमधलं अंतर बघावं. अंतर जास्त असेल तर पट्टे दंडाकडे घसरत राहतात आणि माणूस नकळत खांदे वर उचलून चालतो. दुसऱ्या दिवशी मान धरते ती यामुळेच.

शेवटची चाचणी: एक पट्टा खांद्यावर घ्या आणि मागे न बघता दुसरा हात दुसऱ्या पट्ट्यात घाला. हात सहज गेला तर उत्तम. हवेत चाचपडत राहावं लागलं, तर मैदानावर ६० वेळा हेच करायचं आहे, हे ध्यानात ठेवा.

एक पट्टा बरा की दोन?

अठरा होल चालणार असाल तर दोन. दुहेरी पट्ट्याने भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो. एका पट्ट्याने कणा सतत एका बाजूला कलतो. नऊ होल आणि सहा-सात क्लब एवढंच खेळत असाल तर एक पट्टा सुटसुटीत वाटतो, बॅग झटकन उतरते. काही बॅगांमध्ये दुहेरी पट्ट्याचा एकेरी करता येतो. दोन्ही प्रकारे खेळणाऱ्यांना तशी बॅग सोयीची पडते.

तोंडाला कप्पे किती असावेत?

चार किंवा पाच पुरेत. चौदा कप्प्यांची बॅग दिसते नीटनेटकी, प्रत्येक क्लबाला स्वतंत्र जागा असते, पण दुभाजकांचं वजन वाढतं आणि तोंडही मोठं लागतं. ते आवडणारे लोक आहेत आणि ट्रॉलीवर नेणार असाल तर हरकत नाही. पाठीवर नेणाऱ्याला मी सुचवणार नाही.

संख्येपेक्षा महत्त्वाचं हे की दुभाजक तळापर्यंत जातात का. वरच्या वर संपणारे दुभाजक असले की खाली ग्रिप (क्लबांच्या मुठी) एकमेकींत अडकतात आणि एक क्लब ओढला की दुसरा सोबत वर येतो. निदान दोन-तीन दुभाजक पूर्ण लांबीचे असावेत. ग्रॅफाइटचे शाफ्ट असतील तर तोंडाच्या कडांना मऊ कापड आहे ना तेही बघा, नाहीतर घासून रंग जातो. पटरची ग्रिप जाड असेल तर तो पटर दुकानात नेऊन कप्प्यात घालूनच बघा.

पाय कसे तपासायचे?

भरलेली बॅग टेकवा, झुकवा, उचला. हे सलग दहा-बारा वेळा करा. पाय दर वेळी एकाच वेळी, पूर्ण फाकले पाहिजेत आणि उचलताच आत गेले पाहिजेत. एक पाय मागे राहत असेल तर ती जोडणी पुढे त्रासच देणार.

पाय अॅल्युमिनियमचे किंवा कार्बन फायबरचे असतात. कार्बन हलका आणि महाग असतो, आणि वाचतात ते थोडेच ग्रॅम. मी अॅल्युमिनियमवर समाधानी राहीन आणि उरलेले पैसे चांगल्या पट्ट्यांवर घालीन. पायांच्या टोकाची रबरी टोपी बदलता येते का हे मात्र आधी विचारून ठेवा, कारण सगळ्यात आधी झिजते ती तीच. तळही रुंद हवा. तळ अरुंद असला की ओल्या गवतावर बॅग गर्रकन फिरते.

खिसे जास्त असले तर बिघडलं कुठे?

खिसा असला की भरला जातो. दुसऱ्या स्वेटरची, तिसऱ्या ग्लव्हची, मागच्या हंगामातल्या चेंडूंची सोय होते आणि ते सगळं पाठीवर येतं. पायी खेळणाऱ्याला पाच-सहा खिसे पुरतात: चेंडूंचा, कपड्यांचा उभा लांब, मोबाइल-किल्ल्यांचा मऊ अस्तराचा, पाण्याच्या बाटलीचा आणि टी वगैरेंचा एखादा छोटा.

बाटलीचा खिसा बॅग पाठीवर असताना हाताला लागतो का, हे जरूर बघा. पाण्यासाठी दर वेळी बॅग उतरावी लागली तर माणूस पाणी प्यायचंच टाळतो, आणि उन्हात ते महागात पडतं. चेंडूंचा खिसा बॅगेच्या मध्याजवळ असेल तर तोल चांगला राहतो, टोकाला असेल तर बॅग त्या बाजूला ओढते.

वॉटरप्रूफ बॅग घ्यावी का?

पावसात खेळत असाल तरच. खऱ्या वॉटरप्रूफ बॅगेत कापडासोबत शिवणीही आतून सील केलेल्या असतात आणि चेनही पाणी रोखणाऱ्या असतात. त्यामुळे ती थोडी जड आणि बरीच महाग होते. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलं असेल तर ती सर झेलेल, तासभराचा पाऊस झेलणार नाही. शिवणीतून पाणी आत जाईल.

अधूनमधून पाऊस गाठणाऱ्यांसाठी साधी बॅग, तिच्यासोबत मिळणारा रेन हूड आणि आत मोबाइलसाठी एक प्लॅस्टिकची पिशवी एवढं पुरतं. हूड पट्टे न काढता लावता येतो का, ते दुकानातच करून बघा. काही हूड असे शिवलेले असतात की एकदा चढवल्यावर बॅग पाठीवर घेताच येत नाही.

हीच बॅग ट्रॉलीवर चालेल का?

चालेल, पण दोन अडचणी येतात. तळाची पट्टी ट्रॉलीच्या टेकूवर दाबली जाऊन पाय उघडायला बघतात, आणि गोल अंगाची बॅग वळणावर फिरते. पाय बांधून ठेवणारा छोटा पट्टा असलेली किंवा तळ ट्रॉलीला साजेसा चपटा केलेली बॅग असेल तर दोन्ही त्रास टळतात.

पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर ढकलायची ट्रॉलीच घ्या. पायी खेळण्याचा आनंद तसाच मिळतो, फक्त भार चाकांवर जातो. दुखणं चालू असताना बॅग उचलायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

चौदाच्या चौदा क्लब न्यायलाच हवेत का?

मुळीच नाही. नियम सांगतो तो जास्तीत जास्त आकडा. कमी नेण्याला बंदी नाही आणि १४पेक्षा कमी घेऊन सुरुवात केली असेल तर खेळाचा खोळंबा न करता मध्येच १४पर्यंत भरही घालता येते. जास्त झाले तर मात्र स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) चूक झालेल्या प्रत्येक होलला दोन फटक्यांचा दंड, एका फेरीत कमाल चार.

ही मर्यादा अमेरिकेच्या युएसजीए या गोल्फ संघटनेने १९३८ मध्ये आणि आर अँड ए या ब्रिटनमधल्या नियमसंस्थेने १९३९ मध्ये आणली. त्याआधी लॉसन लिटलसारखे खेळाडू वीसहून जास्त क्लब नेत आणि ओझं कॅडी वाहत. उलट टोकाचं उदाहरण १९१३च्या यूएस ओपनचं आहे. फ्रान्सिस विमेट हा हौशी खेळाडू ती स्पर्धा जिंकला तेव्हा त्याची बॅग एडी लोअरी नावाच्या दहा वर्षांच्या मुलाने वाहिली होती. त्या वयाच्या मुलाला झेपेल एवढीच ती होती.

एकदा सात क्लब घेऊन खेळून बघा: ड्रायव्हर, एक हायब्रिड, ६ आणि ८ नंबरची आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. पाठीवरचे जवळपास तीन किलो कमी होतात. कोणतीही महागडी बॅग एवढी बचत करून देत नाही. आणि १४० यार्डांवरून ८ नंबर जोरात मारायची की ६ नंबर आखडून, असा विचार करायला लागलात की फटक्यांचा हात सुधारतो. हौशी खेळाडूंनी हे अधूनमधून करावंच, असं मला मनापासून वाटतं.

बॅगेत क्लब कसे लावायचे?

लांब क्लब पट्ट्यांच्या बाजूच्या कप्प्यात, आयर्न मधल्या कप्प्यांत, वेज पायांच्या बाजूला. बॅग उभी असताना छोटे क्लब पुढे दिसतात आणि लांब क्लबांची डोकी त्यांच्यावर आपटत नाहीत. पटरला स्वतंत्र कप्पा असेल तर तिथे, नाहीतर लांब क्लबांसोबत.

वाऱ्यात किंवा उतारावर बॅग पडते. उपाय?

आडवी ठेवा. हलक्या बॅगेला जोराचा वारा सहज लोळवतो आणि पडताना ग्रॅफाइटचा शाफ्ट दगडावर आपटला तर चीर जाऊ शकते. तीव्र उतारावरही तेच करा.

मैदानावर बॅग ठेवण्याचे काही नियम आहेत का?

ग्रीनवर बॅग ठेवू नये, हा साधा शिष्टाचार. ग्रीनजवळ पोहोचलात की बॅग पुढचा होल जिथून सुरू होतो त्या जागेकडे (टीकडे) जाणाऱ्या बाजूला ठेवा. पट संपला की सरळ त्या दिशेने निघता येतं आणि मागच्या गटाला ताटकळत राहावं लागत नाही. पायी खेळणारे हळू खेळतात ही तक्रार बऱ्याच अंशी या एका सवयीने मिटते.

तुमचा चेंडू चुकून तुमच्याच बॅगेला लागला तर २०१९च्या नियमांपासून दंड नाही. पण दिशा धरायला मदत व्हावी म्हणून बॅग मुद्दाम रोखून ठेवणं नियमाबाहेर आहे.

ऑनलाइन घेताना काय बघावं?

दिलेलं वजन पट्टे आणि हूड धरून आहे का, हे आधी बघा. काही ठिकाणी दोन्ही काढून वजन सांगतात. तोंडाची रुंदी बघा. आठ-नऊ इंच तोंडात चौदा क्लब मावतात, सहा-सात इंचात कोंबावे लागतात. परत करण्याची अट वाचा. घरी आल्यावर लेबल न काढता, क्लब भरून घरातच पंधरा मिनिटं पाठीवर घेऊन फिरा. जिना चढा-उतरा. पट्टा रुतला तर ‘सवयीने बसेल’ असं म्हणू नका, परत पाठवा.

मुलांसाठी मोठ्यांची हलकी बॅग चालेल का?

नाही. बॅगेची उंची मुलाच्या क्लबांना जुळायला हवी, नाहीतर आखूड क्लब आत बुडतात आणि बाहेर काढता येत नाहीत. मुलांच्या बॅगा उंचीनुसार मिळतात. थोडी मोठी घेऊन ‘पुढे उपयोगी पडेल’ हा विचार इथे नको. भार चुकीच्या जागी आला की मूल चालायलाच कंटाळतं.

बॅग जास्त टिकावी म्हणून काय करावं?

फेरी संपल्यावर तळाच्या सांध्यात अडकलेली माती आणि गवत जुन्या टूथब्रशने काढा. पाय नीट न उघडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तीच वाळलेली माती असते. ओली बॅग चेन उघड्या ठेवून, क्लब बाहेर काढून सावलीत वाळवा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत दिवसचे दिवस ठेवू नका: उष्णतेने पट्ट्यांचा फोम लवकर मरतो आणि क्लबांची डोकी शाफ्टला चिकटवणारा गोंदही ढिला पडू शकतो. पट्टा ज्या जागी बॅगेला शिवलेला असतो तिथला दोरा महिन्यातून एकदा बघा. उसवायला लागलेला दिसला की बॅगा शिवणाऱ्याकडून लगेच दुहेरी टाका मारून घ्या. पूर्ण सुटल्यावर कापडच फाटतं आणि मग दुरुस्ती टिकत नाही.